छोटा रणगाडा जोडताना टाळायच्या चुका

देवनहळ्ळीत घरच्या टेबलावर युद्धखेळासाठी रणगाडे जोडणाऱ्या नवशिक्यांनी एवढं सांभाळावं. 1:100 मापाचा शर्मन जेमतेम 6 सेंटिमीटर लांब असतो. त्यात केसभर चूकही दिसते.

■ पिळून तोडणं : चौकटीतून भाग हाताने पिळला की प्लास्टिक फाटतं. साइड कटरने थोडं अंतर राखून कापा, उरलेला खुंट धारदार पात्याने काढा.

■ थेट गोंद लावणं : आधी कोरडं जुळवून पाहा. शर्मनला एका बाजूस 3 बोगी, 6 चाकं. एक जरी तिरकं चिकटलं तरी पट्टा बसत नाही.

■ चुकीचा गोंद : प्लास्टिक सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून सांधा एकजीव करतं, फार लावलं तर बारीक नक्षी बुजते. रेझिन आणि धातूच्या भागांना मात्र सुपरग्लूच हवा.

■ दमट हवेत प्रायमर : इथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात स्प्रेचा थर धुरकट होऊ शकतो. कोरडा दिवस निवडा. मास्क लावून, मोकळ्या हवेत पातळ थर द्या.

जरूर पाहा : अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय (स्थापना 1994). खऱ्या रणगाड्यावर चिखल नेमका कुठे साचतो, पट्टा कुठे झोल खातो, हे तिथे डोळ्यांनी कळतं.