रॉबर माशी : छायाचित्रावरून अभिज्ञान

द्विपंखी गणातील ॲसिलिडी कुलात समाविष्ट असलेल्या भक्षक माश्यांना रॉबर माश्या म्हणतात. उडत्या कीटकावर झडप घालून ही माशी त्याच्या शरीरात सोंड खुपसते. विषारी लाळेमुळे भक्ष्य निश्चल होते आणि एंझाइमांच्या क्रियेने द्रवरूप झालेला त्याचा अंतर्भाग ती शोषून घेते. या माश्यांच्या ७,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. नमुना न पकडता केवळ छायाचित्रावरून जाती ठरविण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे.

कुल ओळखणे सोपे असते. समोरून पाहिल्यास दोन संयुक्त नेत्रांमधील माथा खोलगट दिसतो व त्या खळग्यात तीन साधे डोळे असतात. तोंडाच्या वर मिशीसारखा राठ केसांचा झुबका असतो. प्रजाती ठरविण्यासाठी मात्र पंखांवरील शिरांची रचना पाहावी लागते. उदा., प्रोमॅकस प्रजातीत पंखाच्या पुढच्या कडेजवळील सीमांत पेशीमागे तीन उपसीमांत पेशी असतात. बसलेली माशी पंख उदरावर मिटून घेत असल्याने एकाच बाजूने घेतलेले छायाचित्र, कितीही सुबक असले तरी, फारसे उपयोगी पडत नाही. रंगावर विसंबणेही धोक्याचे असते. वय वाढते तसे केस झडतात, तर लॅफ्रिया प्रजातीतील काही जाती भुंग्यासारख्या दिसतात.

अनेक जातींतील भेद नराच्या जननेंद्रियाच्या आकारातच असतो व तो सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसतो. मादीच्या बाबतीत अडचण अधिकच असते. अशा वेळी केवळ प्रजातीची नोंद करणे अधिक शास्त्रीय ठरते.

ॲसिलस क्रॅब्रॉनिफॉर्मिस ही यूरोपातील जाती मात्र याला अपवाद आहे. लिनीअस यांनी १७५८ मध्ये तिला नाव दिले. उदराचे पहिले तीन खंड काळे व पुढचे सोनेरी पिवळे असल्याने ती साध्या छायाचित्रातही ओळखू येते. ब्रिटनमध्ये ती दुर्मिळ झाली आहे. तिची वाढ शेणातील भुंगेऱ्यांशी निगडित असल्याचे मानतात. गुरांना दिलेल्या काही जंतनाशकांचा अंश शेणात उतरून भुंगेऱ्यांच्या अळ्या मरतात. म्हणून ती कोणत्या कुरणात टिकून आहे, याच्या नोंदींना महत्त्व आहे. चुकीच्या नोंदीमुळे संरक्षणाचे प्रयत्न भलत्याच जागी खर्ची पडू शकतात. प्रौढ माशी पुष्कळदा शेणाच्या पोवर बसून भक्ष्याची वाट पाहते. छायाचित्र कातरताना ते शेण काढून टाकल्यास अधिवासाचा पुरावा नाहीसा होतो.