रायफल खरी की गोष्ट खरी?

आजचा भाग बैलकुप्प्याहून करतो आहे. म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला हे गाव. कावेरी ओलांडली की कुशालनगर, म्हणजे कोडगू जिल्हा सुरू. १९६० च्या सुमारास तिबेटी निर्वासितांची वसाहत इथे उभी राहू लागली. नामद्रोलिंग मठ, ज्याला सगळे सुवर्णमंदिर म्हणतात, तो पाहायला आपली मराठी माणसेही पुष्कळ येतात.

त्यांपैकीच सांगलीकडच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला चार फोटो पाठवले. इथे आले असताना एका मध्यस्थाने त्यांना जुनी .३०३ रायफल दाखवली होती. सोबत गोष्ट अशी, की १९०४ साली इंग्रजांची फौज ल्हासावर चालून गेली तेव्हा तिबेटी शिपायाने ती हिसकावून घेतली आणि १९५९ मध्ये त्याच्या घरच्यांनी ती भारतात आणली. किंमत दोन लाख, वीस हजार लगेच द्यायचे. गृहस्थांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला गेले होते. "आजोबांच्या हातात होती तशी रायफल घरात असावी असं फार वाटतं. घेऊ का साहेब?" असा त्यांचा प्रश्न.

उत्तर सगळ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी शिक्का वाचा

जुनी वस्तू विकणारा आधी गोष्ट सांगतो. आपण आधी वस्तू वाचायची. ली-एनफिल्ड जातीच्या रायफलीत लाकडी दस्ता जिथे यंत्रणेला जोडलेला असतो, तिथे लोखंडी पट्ट्यासारखा भाग असतो. त्याच्या उजव्या अंगावर रायफलीची जन्मपत्रिका कोरलेली असते. वर मुकुट, खाली राजा किंवा राणीची आद्याक्षरे, मग कारखाना, वर्ष आणि नमुना. या ओळींचा एकमेकींशी मेळ बसला पाहिजे.

फोटोतल्या रायफलीवर होते: मुकुट, व्ही. आर., एनफिल्ड, १९०७, आणि 'शॉर्ट एल. ई. तीन' पुढे एक चांदणी.

आता एकेक ओळ तपासू. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती जानेवारी १९०१ मध्ये वारली. १९०७ साली गादीवर सातवा एडवर्ड होता, तेव्हा ई. आर. हवे. तिसऱ्या नमुन्याची आखूड रायफल मंजूर झाली १९०७ मध्ये, म्हणजे ल्हासाच्या मोहिमेनंतर तीन वर्षांनी. चांदणीचा सुधारित नमुना तर १९१६ चा. महायुद्धात उत्पादन झपाट्याने व्हावे म्हणून मॅगझिन बंद करणारी पट्टी आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट काढून टाकली, त्याची ती खूण. म्हणजे राणी १९०१ पर्यंतची, वर्ष १९०७ आणि नमुना १९१६ चा. शिवाय एनफिल्ड शब्दातला इंग्रजी एन उलटा ठोकलेला!

अशा चुका ओळखीच्या आहेत. पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदमखेल इथले कारागीर कित्येक पिढ्या इंग्रजी रायफलींच्या हाताने नकला करत आले आहेत. हात कसबी, पण अक्षरे वाचता न येणारा माणूस चित्र म्हणून शिक्का ठोकतो. मग अक्षर उलटे पडते, कुठलाही राजा कुठल्याही वर्षी गादीवर बसतो. फोटोतली रायफल नेमकी कुठे बनली ते मी सांगू शकत नाही. पण एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातून ती या शिक्क्यासह बाहेर पडलेली नाही, एवढे निश्चित.

एक अपवाद ध्यानात ठेवा. जुन्या लांब रायफली कापून काही आखूड केल्या गेल्या, त्यांच्यावर राणीचा शिक्का तसाच राहिला. मात्र त्यांच्यावर रूपांतराची वेगळी खूण ठोकलेली असते. ती नसेल तर शंका घ्या.

आपल्याकडे जास्त भेटते ती इशापूरची रायफल. तिच्यावर राजाच्या काळात जी. आर. आय. असते, प्रजासत्ताकानंतर अशोकस्तंभाचे सिंह आणि आर. एफ. आय. येते. नळीखालच्या लाकडात, मॅगझिनच्या थोडे पुढे, आरपार गेलेला मजबुतीचा स्क्रू दिसला तर ते हिंदुस्थानी दुरुस्तीचे लक्षण. तो पाहून नकली म्हणू नका.

क्रमांक, लाकूड, गंज

यानंतर क्रमांक. मुख्य भाग, बोल्ट, नळी आणि पुढची टोपी यांवर तो असतो. चारही ठिकाणी एकच असेल तर उत्तम, पण वेगळा असला म्हणून रायफल खोटी ठरत नाही. पलटणीच्या आर्मररकडे दुरुस्तीला गेलेल्या रायफलीचा बोल्ट बदलतोच. संशय उलट ठिकाणी घ्यावा. लोखंड काळवंडलेले आणि क्रमांकाची खाच आतून चकचकीत असेल, तर तो परवा ठोकलेला आहे.

वापराच्या खुणा हात जिथे पडतो तिथेच हव्यात: बोल्टची मूठ, दस्त्याची मान, पट्टा घासतो ती जागा. लाकूड पॉलिश पेपरने घासले असेल तर कडा गोल होतात आणि लोखंडी पट्ट्या लाकडाच्या वर उठून दिसतात. खरा गंज सांदीकोपऱ्यात साचतो. सगळीकडे एकसारखा तांबूस थर असेल तर तो बहुधा आम्लाचा प्रताप. स्क्रूच्या खाचा आणि धार यंत्राची आहे की कानशीची, तेही भिंग लावून पाहा.

'तिबेटी' म्हणून आणखी एक वस्तू पर्यटकांना दाखवतात, ती म्हणजे तोड्याची बंदूक. तिबेटी भाषेतले तिचे नाव अग्नी आणि बाण या दोन शब्दांचे बनले आहे. नळीखाली टेकूसाठी दोन शिंगे असतात, ही तिची ओळख. इथे शिक्का नसतो, म्हणून बंदुकीचा कान, म्हणजे बत्तीचे भोक, पाहावे. काडी घालून ते नळीपर्यंत पोहोचते का? भोवतीचे लोखंड दारूने खाल्लेले आहे का? भोकच आरपार नसेल, तर ती भिंतीवर टांगायला बनवलेली आहे.

गोष्टीचीही तपासणी करा

ब्रिटिश हिंदुस्थानने १९१४ मध्ये आणि नंतरही तिबेट सरकारला रायफली पुरवल्या होत्या. म्हणजे तिबेटी फौजेकडे .३०३ असणे खरेच. पण १९५९ मध्ये सीमा ओलांडून आलेल्या लढवय्यांना शस्त्रे भारतीय ठाण्यांवर जमा करावी लागली. इथल्या एका वृद्ध तिबेटी गृहस्थांना मी विचारले. ते हसून हिंदीत म्हणाले, "हम लोग पोथी और मूर्ति लाए थे, बंदूक तो बॉर्डर पर ही रह गई।"

आणि सर्वांत महत्त्वाचे: कायदा

समजा रायफल अस्सल निघाली. तरी घ्यायची का? .३०३ हा लष्करी बोअर आहे आणि आपल्या शस्त्र नियमांत तो प्रतिबंधित वर्गात मोडतो. म्हणून तर नागरिकांसाठी इशापूरने .३१५ ची रायफल काढली. पोलिसांसाठी .४१० मध्ये बदललेल्या जुन्या मस्केटही त्याच वर्गात येतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ मध्ये पुराणवस्तूंना सूट आहे, पण ती वापरासाठी नसलेल्या आणि दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालू शकणार नाही अशा शस्त्रालाच. "फायरिंग पिन काढलीय साहेब" एवढ्याने भागत नाही, पिन पुन्हा बसवता येते.

"कोडगूत घरोघरी बंदुका असतात की!" असे मध्यस्थ म्हणेल. बरोबर आहे. कोडवा समाज आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून जुनी सवलत आहे. आपण खंडेनवमीला शस्त्रे पूजतो तशी ते कैलपोढला पूजतात. ती सवलत त्यांची आहे, सांगलीच्या गिऱ्हाइकाची नाही. घरात आधीपासून जुने शस्त्र सापडले असेल तर ते लपवू नका. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयाकडून, लेखी निर्णय घ्या. आणि जुन्या बंदुकीत काडतूस घालून 'चालते का' हे कधीही पाहू नका. हातघडणीच्या नकलेचे पोलाद किती दाब सोसेल याचा भरवसा नसतो. बोल्ट तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतो.

त्या गृहस्थांना मी हे सगळे फोनवर सांगितले. वीस हजार वाचले, पण आवाज उतरला. मग विचारले, "आजोबांचं काही आहे का घरात?" म्हणाले, "एक काळं पडलेलं पदक आहे, बाकी काही नाही." म्हटले, त्याची कड भिंगातून वाचा.

संध्याकाळी फोटो आला. कडेवर क्रमांक, हुद्दा, आजोबांचे नाव, पलटण. रायफलीवर राजाचे नाव असते, कारखान्याचे असते. ती उचलणाऱ्या शिपायाचे नाव नसते. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर ते ठोकलेले असते.

तेव्हा पदक ॲसिडने किंवा पितांबरीने घासू नका, मऊ कापडाने पुसून कोरड्या जागी ठेवा, एवढेच त्यांना सांगितले. तुमच्याही घरातल्या ट्रंका एकदा उघडून पाहा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!