गाडीतलं लाकूड: घासायला बसण्याआधी हे वाचा

ज्यांना हेडफोन लावून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. आजचा विषय जरा शौकिनांचा आहे: जुन्या गाडीच्या आतली लाकडी पट्टी पुन्हा नवीन कशी करायची.

उदाहरणाला मर्सिडीजची डब्ल्यू-१२४ घेऊ. ही तशी आपल्या गावची गाडी. १९९५ पासून ई-२२० पिंपरीत, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात तयार व्हायची. या मालिकेतल्या बऱ्याच गाड्यांत झेब्रानो नावाचं आफ्रिकन लाकूड दिसतं, फिकट आणि गडद पट्ट्यांचं. आज सेकंडहँड घेतलीत तर गिअरभोवतीची नेमकी तीच पट्टी तडकलेली असते, मधेमधे पांढुरके डाग पडलेले.

आता गंमत अशी की खराब झालेलं असतं ते बहुतेक वेळा वरचं लॅकर. खालचं लाकूड ठणठणीत असतं. ही पट्टी अखंड लाकडाची नसते. खाली पाया, त्यावर चिकटवलेलं व्हिनीर आणि त्यावर जाड पारदर्शक लॅकर. वर्षानुवर्षं ऊन खाऊन लॅकर ठिसूळ होतं, लाकूड आणि ते वेगवेगळ्या प्रमाणात फुगतं-आकसतं, शेवटी तडा जातो. तड्यातून दमटपणा शिरला की लॅकर लाकडापासून सुटतं. ते पांढरं दिसतं ना, ते हेच.

आणि व्हिनीर किती जाड? साधारण अर्धा मिलिमीटर. झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक ठेवा, तेवढं. मशीन लावून घासलंत तर एका मिनिटात आरपार जाल, आणि मग पट्ट्यांच्या मधोमध पाया दिसायला लागेल. त्याला इलाज नाही, नवीन व्हिनीरच लावावं लागतं.

पट्टी काढण्याआधी बॅटरीची वायर सोडा, कारण काचांची बटणं तिथेच असतात. एअरबॅगच्या झाकणाला तर घरी हातच लावू नका. पट्टी निघाली की मागून बघा. मागे नुसतं प्लॅस्टिक आणि पुढच्या रेषा छापल्यासारख्या असतील, तर ती फिल्म आहे; बऱ्याच गाड्यांतलं ‘वुड फिनिश’ हेच असतं. तिथे हा उद्योग करू नका, घासाल तर चित्रच निघून जाईल.

खरं लाकूड असेल तर आधी ते थिनरने पुसून घ्या. डॅशबोर्ड चमकवायचे जे स्प्रे मिळतात, त्यातलं सिलिकॉन राहिलं की नवीन थराला बारीक खड्डे पडतात. मग हीट गन, कमी उष्णतेवर. लॅकर मऊ झालं की प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद उचला. एका जागी गन धरून ठेवू नका, खालचा डिंकही सुटतो. इथे संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या. राहिलेले कण २४० आणि मग ३२० च्या पेपरने, ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्या दिशेने हातानेच काढा. कडांवर दाब नको, व्हिनीर सगळ्यात आधी तिथेच संपतं. थिनरचा ओला बोळा फिरवलात की तयार झाल्यावर रंग कसा दिसेल ते लगेच कळतं. झेब्रानोला मी रंग देत नाही, पट्ट्या मरतात. अक्रोडाचं लाकूड उडालं असेल तर हलका स्टेन चालतो.

वरच्या थरासाठी घरच्या फर्निचरवाल्याचं लाखेचं पॉलिश नको. उन्हात उभ्या गाडीत लाख मऊ पडते. बाहेरच्या वापराचं दोन भागांचं पीयू घ्या. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा लागू शकतो. रुमाल किंवा साधा मास्क इथे काही कामाचा नाही. म्हणून फवारणी बूथ असलेल्या कार पेंटरकडून करून घ्या. लाकूड तयार करून दिलंत, तर त्याचं काम थोडंच उरतं. पातळ थर सांगा, दोन थरांमध्ये ४०० चा हात, शेवटी २००० चा वॉटर पेपर आणि कंपाउंड. आणि हे पावसाळ्यात नको. दमट हवेत थर धुरकट होऊ शकतो.

पट्टी हाताला कोरडी लागली म्हणून लगेच बसवू नका. आठवडाभर सावलीत ठेवा, आतून कडक व्हायला तेवढा वेळ लागतो. नाहीतर क्लिप दाबताना अंगठ्याचा ठसा उमटेल.