तळवा, करकोचा आणि जुना वण

सकाळी ९. सोलापूरच्या पूर्व भागातला माझा त्वचारोगाचा दवाखाना. विडी कामगार बायका आधी नंबर लावतात, कारण विड्या वेळेत कारखान्यात पोचवायच्या असतात. पहिले दोन तास नायट्यातच जातात. मे महिना, यंत्रमागाच्या शेडमधला उकाडा आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मलमं. चिठ्ठी लिहून झाली की मी प्रत्येकाला सांगते, ‘चपला काढा, तळवे दाखवा.’

११.१५. अक्कलकोटकडच्या एक आजी हाताच्या खाजेसाठी आल्या. नेसण नऊवारी. ‘आजी, कंबर जरा सैल करून दाखवता का?’ ‘तिथं काय न्हाई ओ बाई, करकोचा हाय, जुनाच.’ करकोचा काळा पडलेला, वर पापुद्रे, पण जखम नाही. हायसं वाटलं. वर्षानुवर्षं एकाच जागी आवळलेल्या गाठीखाली कातडी सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते आणि क्वचित तिथे कर्करोग उद्भवतो. डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकर-लुगड्याच्या आवळण्यातून झालेले असेच रुग्ण प्रसिद्ध केले. आजींना लुगडं सैल नेसायला आणि गाठीची जागा बदलायला सांगितलं.

१२.३०. या रुग्णापाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसले. पन्नाशीचे गृहस्थ, लहानपणी उकळत्या पाण्यानं पाय भाजलेला. गुडघ्यामागच्या त्या जुन्या वणाची कड गेले चार महिने चिघळतेय. हळद झाली, पट्ट्या झाल्या, इंजेक्शनं झाली. कड जाड, उचललेली, हात लावताच रक्त येतं. भाजल्याच्या वणात वीस-तीस वर्षांनीही कर्करोग होऊ शकतो. फ्रान्सच्या मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव त्याला आजही चिकटलेलं आहे. मी तुकडा काढून तपासायचं म्हटलं, तसा सोबत आलेला मुलगा बिचकला. ‘तुकडा काढला की पसरतंय म्हणतात की वो, मॅडम?’ या एका समजुतीपायी माणसं महिनोन् महिने घालवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तुकड्यानं पसरत नाही. तुकड्याशिवाय रोग ठरत नाही आणि किती कापायचं हेही ठरत नाही. आज कडेची थोडी चांगली कातडी घेऊन भागेल; हाडापर्यंत गेलं तर पाय गमवावा लागेल. दोघं तयार झाले. सिव्हिलच्या सर्जरी विभागाची चिठ्ठी दिली.

२.००. भाकरी, शेंगाचटणी.

३.३०. विड्या वळणाऱ्या एक काकू. तळव्यावर काळा ठिपका, ‘काटा मोडला असंल.’ आपल्या कातडीतल्या मेलॅनिनमुळे उन्हानं होणारा त्वचेचा कर्करोग इथे गोऱ्या लोकांच्या मानानं बराच कमी. पण मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, झालाच तर तो पुष्कळदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला, त्याच्या मेलॅनोमाची सुरुवात पायाच्या बोटाच्या नखाखालून झाली होती. डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावला. तळव्यावरच्या रेषांच्या खाचांत रंग असेल तर तीळ बहुधा निरुपद्रवी. उंचवट्यांवर असेल तर धोका. काकूंचा खाचांत होता. फोटो काढून ठेवला, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

५.३०. आशाताईंची बैठक. कुष्ठरुग्ण शोध अभियानात त्या घरोघरी सुन्न चट्टे बघतातच. त्याच वेळी तळवे, जुने वण आणि कंबरही बघा, हे माझं त्यांच्याकडे मागणं. गावात जाऊन लक्षणं समजावली की माणसं लवकर येतात, हे आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीनं दाखवलंय. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली आणि तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरत राहिले.

८.००. दवाखाना बंद. वाचणाऱ्यांना विनंती एवढीच: महिन्यातून एकदा अंघोळीनंतर घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, कमरेचा करकोचा आणि भाजल्याचे वण उजेडात बघा. वाढणारा, रंग बदलणारा डाग किंवा महिनाभरात न भरलेली जखम दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.