चप्पाणीचे खरे नाव

आपल्या खेड्यात एखाद्याचा पाय अधू असला, की त्याचे बारशाचे नाव फार दिवस टिकत नाही. तो ‘लंगड्या’ होतो, आणि खरे नाव उरते ते शाळेच्या हजेरीपटावर. तमिळ मुलुखातही तीच तऱ्हा. तिकडे अशा माणसाला ‘चप्पाणी’ म्हणतात. १९७७ साली भारतीराजा या दिग्दर्शकाने ‘१६ वयतिनिले’, म्हणजे ‘सोळाव्या वर्षी’, हा आपला पहिला चित्रपट काढला. त्याचा नायक असाच एक चप्पाणी आहे.

त्यापूर्वी तमिळ चित्रपटांत खेडे नव्हते असे नाही. पण ते बहुधा मद्रासच्या स्टुडिओत रंगवलेले असे, आणि शेतकरी नायक इस्त्रीचे कपडे घालून नांगर धरी! भारतीराजांनी कॅमेरा उघड्यावर नेला. ते स्वतः अल्लिनगरमचे, संगीतकार इळैयराजा त्याच बाजूच्या पण्णैपुरमचे. दोघांनाही खेडे ऐकून नव्हे, राहून ठाऊक. (गंमत अशी की चित्रण झाले ते मात्र कर्नाटकात, म्हैसूर-कोळ्ळेगालकडे.) यातल्या एका गाण्यासाठी एस. जानकी यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

आता गोष्ट ऐका. मयिल ही सोळा वर्षांची, चार बुके शिकलेली मुलगी. तिला शिक्षिका व्हायचे आहे आणि नवरा हवा आहे तो शहरी, सुटाबुटातला. घरात आई, आणि आईच्या आश्रयाने वाढलेला, लंगोटी लावून पडेल ते काम करणारा अनाथ चप्पाणी. त्याचा मयिलवर जीव आहे. तिच्या तो खिजगणतीतही नाही. गावात परट्टै नावाचा गुंड आहे, पिंजारलेल्या केसांचा. चप्पाणीला चिडवणे हाच त्याचा उद्योग.

एवढ्यात शहरातून गुरांचा डॉक्टर येतो. मयिल भाळते. डॉक्टरला मात्र चार दिवसांची करमणूक हवी असते. तो निघून जातो. परट्टै गावभर बभ्रा करतो, आणि त्या धक्क्याने आई मरते. मग मयिलपाशी राहतो कोण? तोच चप्पाणी.

शिक्षकबंधूंनी इथे जरा थांबावे. मयिल शिकली, पण शिक्षण म्हणजे पोशाख आणि बोलण्याची ऐट, एवढेच तिच्या मनात ठसले होते. माझ्या मते परट्टैपेक्षा डॉक्टर अधिक घातक आहे. गुंडाला सारे गाव ओळखून असते. शिकल्या माणसाला मात्र कोणी काही विचारत नाही.

पुढे मयिल चप्पाणीला त्याचे खरे नाव विचारते. ते असते गोपालकृष्णन. ती त्याला बजावते, की यापुढे कोणी चप्पाणी म्हटले तर खुशाल थोबाडीत मार. आणि एरवी मान खाली घालून सोसणारा हा माणूस पुढे खरेच हात उचलतो. सारा चित्रपट मला तरी या प्रसंगात सापडला. कमल हासन हे एरवी देखणे नट. पण इथे पान खाऊन रंगलेले तोंड आणि ओढत टाकलेला पाय यांपलीकडे ते दिसतच नाहीत. परट्टै झाले आहेत रजनीकांत. मयिल झालेली श्रीदेवी तेव्हा सोळा वर्षांचीही नव्हती. तिचा जन्म १९६३ चा.

१९७९ साली भारतीराजांनीच याचा हिंदी अवतार काढला, ‘सोलवा सावन’. त्यात चप्पाणीची भूमिका आपल्या अमोल पालेकरांनी केली, पण चित्रपट चालला नाही.

शेवट मला थोडा खटकतो. चप्पाणी शहराकडे गेलेला असताना परट्टै मयिलवर हात टाकतो. परत आलेला चप्पाणी दगडाने त्याचा जीव घेतो आणि तुरुंगात जातो. नाव परत मिळाले ते असे रक्ताच्या मोलाने. मयिल मात्र त्याची आशा सोडत नाही. गाड्या येतात, जातात. ती स्टेशनावर उभी असते, गोपालकृष्णनची वाट पाहत. तो उतरतो की नाही, ते चित्रपट सांगत नाही.