ग्रीनवेलमध्ये किती वाजले?

आयजीएन या गेमिंग संकेतस्थळानं दहापैकी दोन गुण दिले, डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या संकेतस्थळानं दहापैकी दहा. खेळ एकच: 2010 सालचा ‘डेडली प्रेमनिशन’. समीक्षकांत सर्वाधिक फूट पाडणारा भयखेळ म्हणून गिनेस बुकातही त्याची नोंद झाली. भुताखेतांच्या विशेषांकासाठी संपादकांनी एखादा व्हिडिओ गेम सुचवायला सांगितला, तेव्हा इतकं भांडण लावणारा दुसरा खेळ मला आठवेना.

इतिहास थोडक्यात उरकतो. ओसाकाची ॲक्सेस गेम्स ही कंपनी, दिग्दर्शक हिदेताका सुएहिरो ऊर्फ ‘स्वेरी’. 2007 साली ‘रेनी वूड्स’ या नावानं पहिली झलक दाखवली, तर ‘ट्विन पीक्स’ या मालिकेची नक्कल म्हणून लोक तुटून पडले. मग पात्रं बदलली, नाव बदललं. अमेरिकेत नवे खेळ 60 डॉलरला जात असताना हा 20 डॉलरला आला, आणि तो तेवढ्याचाच दिसतो. झाडांची पानं कागदी, चेहरे मेणाचे, आणि गंभीर प्रसंगात मध्येच आनंदी शीळ वाजायला लागते.

वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रीनवेल या काल्पनिक गावात एका तरुणीचा खून झालाय. एफबीआयचा फ्रान्सिस यॉर्क मॉर्गन तपासाला येतो. गाडी चालवताना तो ‘झॅक’ नावाच्या अदृश्य मित्राशी जुन्या सिनेमांवर गप्पा मारतो. हळूहळू वाटायला लागतं, हा झॅक म्हणजे आपणच.

मला मात्र खुनापेक्षा गावाच्या घड्याळानं धरून ठेवलं. इथल्या माणसांना स्वतःची दिनचर्या आहे. तुम्ही असा-नसा, कुणी दुकान उघडतं, कुणी गाडी काढून कामाला जातं, संध्याकाळी घरी परततं. खिडकीतून डोकावून ते बघताही येतं. यॉर्कला भूक लागते, झोप येते, दाढी वाढते. सूट धुतला नाही तर अंगाभोवती माश्या घोंगावतात. गाडीतलं पेट्रोल संपतं. वायपर आणि साइड इंडिकेटर चालतात, ज्यांचा तपासाला काडीचा उपयोग नाही. हातात पातेलं घेऊन गावभर फिरणाऱ्या एका म्हातारीला घरी सोडायचं, ते पातेलं गार व्हायच्या आत! भयकथेत असली कामं कोण घालतं?

स्वेरीनं 2011 साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये यामागचं गणित उलगडलं. खेळातला माणूस कॉफी पितो, दाढी करतो. मग खेळ बंद असतानाही आपण तेच करताना तो आठवावा. हा हिशेब माझ्यावर तरी पुरता लागू पडला.

तक्रारींची यादीही खरी आहे. नकाशा असा वेडावाकडा, की जवळचं वळणही चुकतं. सावल्यांसारख्या भुतांशी होणारी मारामारी निव्वळ कंटाळवाणी. ती मुळात ठरलेलीच नव्हती. पाश्चात्त्य गिऱ्हाइकाला बंदुका लागतात म्हणून प्रकाशकांच्या आग्रहानं नंतर घुसडली. म्हणजे ज्यावर सर्वांत जास्त टीका झाली, तोच भाग गावाच्या कल्पनेतून आलेला नाही.

पुढची वर्षंही सुखाची गेली नाहीत. 2013 साली पीसीवर आलेली आवृत्ती 720पी रिझोल्यूशनला जखडलेली होती. ड्युरांटे या टोपणनावाच्या मॉडरनं, म्हणजे खेळात हौसेनं बदल करणाऱ्या चाहत्यानं, लगेच दुरुस्ती दिली, म्हणून ती बघवली तरी. 2020 साली स्विच या कन्सोलवर दुसरा भाग आला, तो चालतानाच अडखळत होता. त्यातल्या ट्रान्सजेंडर पात्राच्या चित्रणावर रास्त टीका झाली. स्वेरीनं जाहीर माफी मागून संवाद बदलले.

चाहते आता नव्यानं घडवलेली आवृत्ती मागतात, तेव्हा मला धास्ती वाटते. नकाशा जरूर सुधारा, मारामारी हवी तर पूर्ण काढा. पण अशा डागडुजीत सगळ्यात आधी कात्री लागेल ती बिनकामाच्या गोष्टींना, म्हणजे वायपरला, माश्यांना, त्या पातेल्याला. तोवर पीसीवर हा खेळ विकत घ्यायचा, आणि सुरू करण्याआधी चाहत्यांनी केलेली दुरुस्ती शोधत बसायचं.