नवऱ्याचं रक्त, आईचं रक्त

एक म्हातारी दाई राजवाड्यातून रडत बाहेर येते. तिने अंगाखांद्यावर खेळवलेला ओरेस्टीस परदेशात वारला, असा निरोप आलाय. निरोप खोटा आहे, पण तिला ते ठाऊक नाही. तिला त्याचं तान्हेपण आठवतं. रात्री-अपरात्री फोडलेला टाहो आठवतो. भूक लागलीय, तहान लागलीय की शू लागलीय, हे तिनेच ओळखायचं आणि ओळखायला उशीर झाला की दुपटी धुवायलाही तिनेच बसायचं.

इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या डायोनिसस-उत्सवात एस्किलसने ‘ओरेस्टीया’ ही तीन शोकनाटकांची मालिका सादर केली. त्यातल्या मधल्या नाटकातली ही बाई. तिला धड नावसुद्धा नाही. किलिसा, म्हणजे किलिकियाची. गुलामांना अशी मुलखावरून हाक मारत. राजे, देव आणि शाप यांनी गच्च भरलेल्या कथेत नाटककार मध्येच थांबून बाळाची ओली दुपटी दाखवतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. कारण थोड्याच वेळात हे बाळ स्वतःच्या आईवर तलवार उगारणार आहे. आई त्याच्यासमोर छाती उघडी करून सांगणार आहे, की याच अंगावर तू प्यायलास. दाईचं बोलणं कानात ताजं असलेल्या प्रेक्षकाने मग काय समजायचं?

हे घराणं अट्रियसचं. भाऊबंदकी म्हणावी तर अशी, की अट्रियसने सख्ख्या भावाला, थायस्टीसला, जेवायला बोलावलं आणि त्याच्याच मुलांचं मांस ताटात वाढलं. वाचलेला एक मुलगा म्हणजे एजिस्थस. अट्रियसचा मुलगा अ‍ॅगामेम्नॉन ट्रॉयच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा ऑलिस बंदरात जहाजं अडकून पडली. अनुकूल वाऱ्यासाठी त्याने आपल्या पोरीचा, इफिजेनियाचा, बळी दिला. तिच्या आईने, क्लायटेम्नेस्ट्राने, दहा वर्षं वाट पाहिली. नवरा जिंकून आला, न्हाणीघरात गेला. तिने त्याच्यावर जाळ्यासारखं वस्त्र टाकलं आणि घाव घातले. एजिस्थस तोवर तिचा प्रियकर झालेला होता. पुढे अ‍ॅगामेम्नॉनचा मुलगा ओरेस्टीस मोठा झाला, आणि अपोलो देवाने त्याला बापाचा सूड घ्यायला बजावलं.

आता यात दोषी कोण, ते ठरवायला बसा. एजिस्थसला भावांचा सूड घ्यायचाय, क्लायटेम्नेस्ट्राला लेकीचा, ओरेस्टीसला बापाचा. प्रत्येकाच्या मागे आपल्या माणसाचं प्रेत आहे. आणि ज्याच्यावर वार करायचा, तोही आपल्यातलाच. ग्रीक भाषेत ‘फिलोस’ हा एकच शब्द मित्रालाही चालतो आणि घरच्या माणसालाही, म्हणजे ‘आपला’ या अर्थाने. अ‍ॅरिस्टॉटलने तर शोकनाटकासाठी अशीच प्रकरणं शोधावीत असं सांगितलं, जिथे घात अशा ‘आपल्यां’मध्येच होतो.

या कथेचं खरं आश्चर्य पुढे आहे. आईला मारताच ओरेस्टीसला एरिनीज दिसू लागतात. या रात्रदेवतेच्या मुली, घरच्या रक्ताचा माग काढत खुन्याच्या पाठीला लागणाऱ्या पुरातन देवता. तिसऱ्या नाटकात तो त्यांना विचारतो, की माझ्या आईने नवऱ्याला मारलं, तेव्हा तुम्ही तिच्या मागे का नाही लागलात? त्यांचं उत्तर अगदी सरळ आहे: त्याचं आणि तिचं रक्त एक नव्हतं.

एका वाक्यात केवढा पेच! लग्नाने जुळलेलं नातं हे नातं की करार? होमरच्या ‘ओडिसी’त ही कथा आधीच येऊन गेलेली आहे, पण तिथे ओरेस्टीस म्हणजे बापाचा सूड घेणारा आदर्श मुलगा. कुणी देवता त्याच्या मागे लागत नाहीत. एस्किलसने तीच कथा घेऊन तिच्यात हा काटा पेरला.

मग खटला उभा राहतो, तोही अथेन्समध्ये, अ‍ॅरिओपॅगस टेकडीवर. प्रेक्षक अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर बसलेले, टेकडी पलीकडच्या अंगाला. जेमतेम तीन-चार वर्षांपूर्वी एफिआल्टीस नावाच्या पुढाऱ्याने तिथल्या जुन्या सभेचे बहुतेक अधिकार काढून घेतले होते, आणि खुनाचे खटले तेवढे तिच्याकडे राहिले होते. म्हणजे कालपरवाचं राजकारण आणि पुराणकाळची आईहत्या एकाच जागी येऊन भेटतात.

ओरेस्टीसच्या बाजूने अपोलो युक्तिवाद करतो, की आई ही मुलाची खरी जन्मदाती नाहीच, ती फक्त बापाचं बीज जपते. पुरावा म्हणून तो खटला चालवणाऱ्या अथीना देवीकडेच बोट दाखवतो. ती झ्यूसपासून जन्मली, आईच्या पोटातून नव्हे. हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. दाईच्या तोंडून बाळाची दुपटी आठवायला लावणाऱ्या नाटककाराला तो पुरता पटला असेल, असंही वाटत नाही. नाटकातल्या न्यायाधीशांपैकी निदान निम्म्यांना तो पटला नाही, कारण मतांचे खडे मोजले तेव्हा दोन्ही बाजू समसमान निघाल्या. अथीनेने आपलं मत ओरेस्टीसला दिलं होतं, आणि बरोबरीत आरोपी सुटतो. अथेन्सच्या खऱ्याखुऱ्या न्यायालयातही हाच नियम होता.

ओरेस्टीस घरी जातो. नाटक मात्र संपत नाही, आणि मला त्याचा सगळ्यात मोलाचा भाग इथून पुढचाच वाटतो. एरिनीज खवळतात, मातीत विष कालवण्याची धमकी देतात. अथीना त्यांना हाकलून लावत नाही. ती पुनःपुन्हा समजावते आणि राहायला जागा देऊ करते. अखेर मशालींच्या मिरवणुकीतून त्यांना त्यांच्या नव्या घरी पोचवलं जातं.

इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी अथेन्सला आला. टेकडीजवळच्या त्या देवतांच्या ठाण्यात त्याला भयंकर अशी एकही मूर्ती दिसली नाही. त्यांच्या केसांत साप पहिल्यांदा दाखवले ते एस्किलसने, असं तो लिहून ठेवतो. आणि तिथली एक रीतही. अ‍ॅरिओपॅगसवर जो निर्दोष सुटे, तो खाली येऊन या देवतांना बळी अर्पण करी.